तीनदा साफ झालेला माणूस

या प्रकरणातला माणूस कोणी एक नाही. सारख्याच वाटेने गेलेल्या अनेकांचे अनुभव एकत्र करून हे लिहिले आहे, तेव्हा ओळख शोधत बसण्यात अर्थ नाही.

मी व्यसनाच्या उपचार केंद्रात समुपदेशक आहे. त्या माणसाची ताई पहिल्यांदा आमच्याकडे आली ती एकटीच. भाऊ एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात होता आणि आठवड्याभरात घरी यायचा होता. तिच्या हातात एक वही होती. पहिल्या पानावर तीन आकडे, एकाखाली एक: २१, ९, ४५. भावाला आजवर जितके दिवस ‘साफ’ ठेवता आले, त्यांची ही नोंद. पहिल्या दोन आकड्यांसमोर आणखी दोन आकडे होते, ४ आणि ११. मोकळा झाल्यावर पुन्हा घेईपर्यंत गेलेले दिवस. पंचेचाळीससमोरची जागा अजून कोरी होती.

“या वेळी अगदी साफ झालाय, सर. चेहरासुद्धा भरलाय. आता घरी आल्यावर काय काळजी घ्यायची, एवढंच विचारायला आले.”

मी तिला सांगितले, की त्याच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका इथून पुढच्या तीन-चार आठवड्यांत आहे. ती दुखावल्यासारखी झाली. पैसे भरून, हातापाया पडून, दीड महिना भेटीशिवाय काढून जे मिळवले त्याला मी धोका म्हणत होतो. तिचा राग समजण्यासारखा होता. या क्षेत्रात इतकी उलटी वाटणारी आणि इतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही, आणि केंद्रातून निघताना ती फार कमी घरांना सांगितली जाते.

मागची हकीकत

वय २९. लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचे काम. सहा वर्षांपूर्वी कामावर कंबरेला मार बसला, डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातले वेदनाशामक दिले. कंबर बरी झाली, गोळी राहिली. त्या गोळीने दुखणे जायचेच, शिवाय रात्रपाळीचा शीणही जायचा. पुढे चिठ्ठी मिळेनाशी झाली आणि कोणीतरी गर्दची, म्हणजे हेरॉइनची, पुडी हातावर ठेवली. सुरुवातीला पन्नीवर ओढायचा. शेवटच्या वर्षात काही महिने सुईही झाली. झोप उडाली म्हणून अल्प्राझोलाम सुरू झाले, तेही रोज दोन-तीन मिलिग्रॅम. हे शेवटचे वाक्य आमच्या फाइलमध्ये तिसऱ्या भेटीनंतर आले, कारण तोवर कोणी विचारलेच नव्हते. घरच्यांच्या लेखी ती ‘झोपेची गोळी’ होती, नशा नव्हती.

त्या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत दुसऱ्या प्रयत्नात मोजावी लागली. एकवीस दिवसांचे पहिले केंद्र वाया गेल्यावर घरच्यांनी त्याला मागच्या खोलीत कोंडले. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. सगळ्यांना वाटले, टर्की म्हणतात ती हीच. गर्द घेणारी मुले ज्याला टर्की म्हणतात तो त्रास शेवटच्या डोसानंतर ६ ते १२ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि आठवडाभरात ओसरतो. उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे, अंगावर काटा, डोळ्यांतून पाणी. माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो, पण अंगातले पाणी टिकवले तर त्यात सहसा मरत नाही. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या किंवा रोजची दारू एकदम तोडली, तर मात्र फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. त्याची फिट गर्दमुळे आलीच नव्हती. ‘काय काय घेतोस’ हा प्रश्न विचारताना डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या गोळ्यासुद्धा त्यात धरायच्या असतात, आणि कोंडून सोडवण्याचा खेळ घरी करायचाच नसतो.

आता त्या उलट्या वाटणाऱ्या गोष्टीकडे. अफूच्या कुळातली औषधे रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्यांची सवय होते. कालचा डोस आज पुरत नाही, म्हणून तो वाढत जातो. काही आठवडे बंद ठेवले की ही सवय उतरते. मनाला मात्र जुनाच डोस आठवत असतो. पंचेचाळीस दिवसांनी तीच पुडी, तेवढीच ओढली किंवा टोचली, तर श्वास मंदावत मंदावत थांबू शकतो. लंडनमधला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. निवासी डिटॉक्ससाठी, म्हणजे अंगातली नशा उतरवण्यासाठी, दाखल झालेल्या १३७ जणांचा त्यात वर्षभर माग ठेवला होता. ओव्हरडोसने तिघे गेले, आणि तिघेही उपचार ‘यशस्वीपणे पूर्ण’ केलेल्यांपैकी होते. अर्धवट सोडून पळालेल्यांची सवय अजून उतरलेली नव्हती.

नवव्या दिवशी

ताईला आम्ही नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा दिला आणि वापरायला शिकवले. नॅलॉक्सोन मेंदूतल्या अफूच्या जागांवरून गर्द हुसकावते आणि थांबलेला श्वास काही मिनिटांत परत आणते. अंगात गर्द नसेल तर त्याने काही बिघडत नाही. त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णवाहिका बोलवायचीच. हे मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. मग तिने उशीवर सराव केला: उशीचे टोक म्हणजे हनुवटी, ती वर उचलायची. तिला हसू आले आणि लगेच रडूही आले.

घरी आल्यावर नवव्या दिवशी संध्याकाळी न्हाणीघराचे दार आतून बंद, नळ चालू, हाकेला उत्तर नाही. तिने कडी तोडली. ओठ निळसर, घशातून घोरण्यासारखा आवाज, मधेच तोही बंद. एका नाकपुडीत फवारा. तोंडाने श्वास देत राहिली. तीन मिनिटे झाली तरी हालचाल नाही, मग दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. त्याने डोळे उघडले, ओकला आणि तिला अर्वाच्य शिव्या घातल्या.

“इतक्या घाण शिव्या ऐकून एवढं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं,” ती नंतर म्हणाली. वहीत पंचेचाळीससमोर तिने ९ लिहिले होते.

इथे बऱ्याच गोष्टींत वळण येते: मरणाच्या दारातून परतलेला माणूस डोळे पुसतो आणि उपचाराला तयार होतो. हा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सही करून हॉस्पिटलमधून निघून गेला आणि आठवडाभरात रोजच्या पुड्यांवर आला. पुढचे पाच आठवडे आमच्याकडे रुग्ण म्हणून ताईच येत होती.

रुग्ण येत नाही म्हणून घरच्यांनी हातावर हात धरून बसावे असे काही नाही. कुटुंबाला शिकवून रुग्णाला उपचारापर्यंत आणण्याची एक पद्धत आहे, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्राफ्ट’ म्हणतात. दारूच्या बाबतीत तिचा तुलनात्मक अभ्यास १९९९ साली झाला. उपचाराला साफ नकार देणारे लोक क्राफ्टने ६४ टक्के आले. सगळ्या घराने मिळून त्याला समोर बसवून अल्टिमेटम देण्याच्या पद्धतीने ३० टक्के. पडद्यावर नेहमी दिसते ती ही दुसरी पद्धत. क्राफ्टमध्ये नाट्य नाही. तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसायचे, बोलायचे, बरोबर जेवायचे. तारेत असेल तेव्हा भांडायचे नाही, समजवायचे नाही, शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्याची उधारी फेडायची नाही, कामावर त्याच्या वतीने खोटे बोलायचे नाही. आणि उपचाराचा विषय काढायचा तो क्षण निवडून. ताईला सगळ्यात जड गेले ते उधारी न फेडणे. दोनदा तिने गुपचूप फेडली आणि दोन्ही वेळा आम्हाला सांगितले, यातच तिचे मोठेपण.

तो क्षण एका पहाटे आला. पैसे संपलेले, अंग दुखत होते, आणि तो स्वतःहून तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. तिने महिनाभर घोटून ठेवलेले वाक्य म्हटले: “तुला परत कुठे डांबणार नाही. एकदा फक्त ऐकून घे, मी बरोबर येते.”

टेबलावर काय काय होते

माझ्या मते हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर. घरच्यांनी तीनदा धडपड केली ती एकाच गोष्टीसाठी: शरीर रिकामे करणे. डिटॉक्स हा फार तर उपचाराचा दरवाजा. पुढे खोली नसेल तर त्या दारातून माणूस पुन्हा रस्त्यावरच येतो.

चौथ्यांदा डिटॉक्स आम्ही बाजूला ठेवले. नॅलट्रेक्सोन गर्दची जागा अडवून धरते, मग पुडी घेतली तरी काही जाणवत नाही. पण ते सुरू करायला आधी सात ते दहा दिवस अंग कोरडे लागते, आणि रोजची गोळी माणूस एका सकाळी घेत नाही की संपले. महिन्याने घ्यायचे इंजेक्शन मात्र वेगळे. तिसऱ्या केंद्रातून बाहेर पडतानाच ते दिले असते तर तो खरा पर्याय होता. ती वेळ गेली होती. मेथाडोन हे अफूच्याच कुळातले, गर्दऐवजी रोज द्यायचे औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि उत्तम काम करते, पण सुरुवातीचे दोन आठवडे डोस फार जपून वाढवावा लागतो. हा तर वर अल्प्राझोलाम घेत होता, दोन्ही श्वास मंदावणारी. दीर्घ मुदतीच्या निवासी समुदायात राहणे काहींना फार मानवते, विशेषतः ज्यांना परतायला घर नाही त्यांना. त्याला घर होते, काम होते आणि ‘डांबणार नाही’ हा शब्द दिलेला होता.

उरले ब्युप्रेनॉर्फिन. अल्प्राझोलामची काळजी इथेही होती, पण मेथाडोनपेक्षा कमी. ब्युप्रेनॉर्फिन अफूच्याच जागांवर बसते, पण त्या अर्ध्याच चालवते. त्यामुळे तलफ आणि टर्की दबतात, ठराविक मर्यादेपुढे डोस वाढवला तरी नशा आणि श्वासावरचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही, आणि जागा घट्ट धरल्यामुळे वरून घेतलेल्या पुडीला फारसा वाव राहत नाही. २००५ पासून मेथाडोनबरोबर हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. “म्हणजे एक सोडवायचं आणि दुसरं लावायचं? यात सुटका कुठली?”

या प्रश्नाला बहुतेक जण इन्सुलिनचे उदाहरण देतात. मला ते आवडत नाही. इन्सुलिन कोणी विकून खात नाही, आणि वडिलांसारखा माणूस ही फट लगेच पकडतो. मी त्यांना खरे ते सांगितले: हो, शरीराला या गोळीची सवय लागेल, उद्या अचानक बंद केली तर त्याला त्रास होईल. पण सवय आणि व्यसन या दोन गोष्टी आहेत. गोळीसाठी तो चोरी करणार नाही, न्हाणीघरात मरणार नाही, दिवसातून चार वेळा टर्कीच्या भीतीने धावणार नाही. मग स्वीडनचा अभ्यास सांगितला, तोही २००३ मध्येच प्रसिद्ध झालेला. गर्द घेणारे चाळीस जण. वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, उरलेल्या वीस जणांना सहा दिवसांत कमी करत आणून पुढे औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. गटोपचार आणि समुपदेशन दोन्हीकडे सारखेच, भरपूर. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात होते. दुसऱ्यात एकही नाही, आणि त्या विसांतले चार जण मरण पावले होते.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “किती वर्षं?” मी म्हटले, मुदत आत्ताच ठरवणे हीच आपली जुनी चूक आहे.

पहिली गोळी

ब्युप्रेनॉर्फिन घाईने दिले तर ते अंगातल्या गर्दला ढकलून देते आणि टर्की एकदम, दुप्पट जोराने येते. म्हणून माणूस आधी पुरता टर्कीत यावा लागतो. शेवटचा डोस चौदा तासांपूर्वीचा. नर्सने टर्की किती आहे त्याचे गुण कागदावर मांडले: जांभया, नाक गळते, बाहुल्या मोठ्या, हातावर काटा, नाडी ९८. बेरीज १३. चालेल.

चार मिलिग्रॅम, जिभेखाली. गिळायची नाही, बोलायचे नाही, विरघळेपर्यंत थांबायचे. तो खाली मान घालून, तोंड मिटून बसला आणि गुडघा सारखा हलत होता. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सात मिनिटांनी त्याने जीभ उचलून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी. पाऊण तासाने गुडघा थांबला. तो थांबल्याचे आधी ताईच्या लक्षात आले. दीड तासाने आणखी चार मिलिग्रॅम दिले, आणि तो म्हणाला, “भूक लागलीय.”

पुढचे सगळे सुरळीत झाले असते तर प्रकरण लिहिण्याचे कारण नव्हते. आम्ही त्याला दीड महिना आठ मिलिग्रॅमवरच ठेवले. वडिलांची धास्ती आणि आमचा सावधपणा, दोन्ही त्यात होते. सकाळ बरी जायची, संध्याकाळी तलफ यायची. दोनदा त्याने पुडी घेतली, लघवीच्या तपासणीत ते दिसले. आमच्यातल्याच एकाचे म्हणणे पडले, की नियम मोडला, आता डोस कमी करा. औषध पुरत नाही म्हणून जो घसरतो त्याचे औषध कमी करणे म्हणजे ताप उतरला नाही म्हणून तापाची गोळी काढून घेणे. डॉक्टरांनी डोस सोळावर नेला. संध्याकाळची तलफ दहा दिवसांत ओसरली.

दुसरी चूक पूर्णपणे आमची. पाचव्या महिन्यात त्याच्या दोन भेटी चुकल्या. आमच्या नियमाप्रमाणे दोन भेटी चुकल्या की फाइल ‘बंद’ होते, तशी ती झाली. फोन कोणी केला नाही. तो रात्रपाळीवर होता, आणि पूर्वी एकदा उशिरा आल्यावर काउंटरवर बोलणी खाल्ल्यामुळे पुन्हा तोंड दाखवायला लाजत होता. चार दिवस औषधाविना गेल्यावर ताईने त्याला आणले. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब असा आहे: मेथाडोन चालू असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसे वर्षभर पाहिली तर) सुमारे ११ मृत्यू, उपचाराबाहेर पडल्यावर सुमारे ३६. ब्युप्रेनॉर्फिनचेही तसेच, सुमारे ४ विरुद्ध साडेनऊ. फाइलवर ‘बंद’ असा शिक्का मारणारा कारकून नकळत माणसाला पहिल्या आकड्यातून दुसऱ्यात ढकलत असतो. आता आमच्याकडे भेट चुकली की त्याच दिवशी फोन जातो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत एक खिडकी उघडी असते. हे खूप आधी व्हायला हवे होते.

बाकीचे भराभर. अल्प्राझोलाम बदलून लांब पल्ल्याचे डायझेपाम दिले आणि चार महिन्यांत थोडे थोडे करत उतरवले. मधल्या काळात दारूला सक्त मनाई, कारण या तिघांचे एकत्र येणे जिवावर बेतते. रक्तात हेपॅटायटिस सी निघाला, सुईच्या त्या काही महिन्यांची देणगी. १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा झाला. घरच्यांना हा आजार बरा होतो हेच माहीत नव्हते. डोस बसेपर्यंत त्याने उंचीवरचे काम घेतले नाही, वर्कशॉपमध्ये बसून कंट्रोल पॅनेल दुरुस्त केली. एका स्वमदत गटात त्याला सुनावले गेले, की गोळी चालू आहे तोवर तू साफ नाहीस. तो दुसऱ्या गटात गेला, तिथे असे कोणी म्हणत नाही. गट मिळाला नाही म्हणून गटच वाईट असे ठरवू नये, दोन-चार पाहावेत.

हेच प्रकरण मेथ (मेथॅम्फेटामाइन, मेथाडोन नव्हे) किंवा कोकेनचे असते, तर औषधांवरचा निम्मा मजकूर निरुपयोगी ठरला असता. तिथे असे सर्वमान्य औषध नाही. सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो तपासणी कोरी आली की छोटे ठोस बक्षीस देण्याच्या पद्धतीला. ऐकायला पोरकट वाटते, पण लागू पडते.

समुपदेशनाबद्दल मी, स्वतः समुपदेशक असून, कमी लिहिले आहे. पहिले तीन महिने आम्ही त्याच्याशी ‘मूळ कारणा’वर काही बोललोच नाही. झोप, पगाराचा दिवस, जुन्या मित्राचा फोन आला तर काय म्हणायचे, एवढेच. पगाराच्या दिवशी पैसे ताईच्या खात्यात, हा त्याचाच तोडगा. कंबर, रात्रपाळी, कामावर डोळ्यांदेखत खाली पडलेला सहकारी, हे आठव्या महिन्यात निघाले. त्याआधी काढले असते तर तो उठून गेला असता, असे मला वाटते.

बाविसावा महिना

मागच्या भेटीत गोळी कमी करण्याचा विषय त्याने स्वतः काढला. आम्ही तिघांनी बसून पाहिले: शेवटची घसरण चौदा महिन्यांपूर्वीची, झोप ठीक, नोकरी पक्की. पण ताईचे लग्न ठरले आहे आणि ती घर सोडणार आहे. तो म्हणाला, मग आत्ता नको. सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचे ठरले. महिन्याला एक इंजेक्शन घ्यायचे ब्युप्रेनॉर्फिनही आता निघाले आहे, म्हणजे रोज जिभेखाली गोळी धरून बसायला नको. त्याची माहिती त्याने घरी वाचायला नेली.

वडील या वेळी सोबत होते. कपाटावर ठेवलेल्या फवाऱ्याची मुदत संपत आल्याचे त्यांनीच पाहिले होते. जुना परत केला, नवा घेतला आणि हनुवटी कशी वर उचलायची ते एकदा पुन्हा विचारून घेतले. ताई गेल्यावर घरी तेच असणार होते.